न आलेल्या उत्तरांची वाट

सहकारी बँकेच्या संगणक विभागात काम करताना एक गोष्ट मी अनेक वर्षं धरून चालले होते. सकाळी कर्मचारी पासवर्ड टाकतो आणि पडद्यावर काम करण्याजोगं काही दिसायला चार-पाच मिनिटं लागतात, याचा अर्थ यंत्र थकलं आहे. रॅम वाढवावी, डिस्क बदलावी, नाहीच भागलं तर नवीन यंत्र घ्यावं. शाखा आडगावची असेल तर लाईन मोठी करावी. अंदाजपत्रकाच्या टिपणीत मी दर वर्षी हेच मांडत असे आणि मनापासून मांडत असे. हळू म्हणजे अशक्त, आणि अशक्त म्हणजे बदलण्याजोगं, इतका सरळ हिशेब होता.

आज मी तसं मानत नाही. लॉगइनला लागणारा जादा वेळ बहुतेकदा कामात जात नाही, वाट पाहण्यात जातो, असं माझं आताचं मत आहे. यंत्र कुणाला तरी काही विचारतं आणि उत्तर येत नाही. त्यातले पुष्कळसे प्रश्न तर आम्हीच, म्हणजे संगणक विभागानेच, त्याला विचारायला लावलेले असतात. यातला पहिला भाग पटायला मला वेळ लागला. दुसरा पटायला त्याहून जास्त.

आधीच्या मताला आधार नव्हता असं नाही. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली आणि आमच्या शाखांमध्ये ती फार पुढेपर्यंत टिकून राहिली. २५६ एमबी रॅम, त्यावर अँटीव्हायरस, त्यावर कोअर बँकिंगची खिडकी. डिस्कचा लाल दिवा लुकलुकायचा थांबतच नसे. अशा यंत्रात रॅमची आणखी एक पट्टी बसवली की फरक त्याच दिवशी दिसायचा आणि शाखाधिकारी फोन करून आभार मानायचे. एखादा उपाय अनेकदा लागू पडला की माणूस रोग बघायचा थांबतो. यंत्रं पुढे गेली, रॅम सोळापट झाली, तरी सकाळच्या तक्रारी येतच राहिल्या, आणि मी त्यांना तेच जुनं औषध देत राहिले.

माझं मत पहिल्यांदा हललं ते नवीन यंत्रांमुळेच. एसएसडी असलेली यंत्रं शाखांमध्ये पोचली. सुरू केल्यावर लॉगइनचा पडदा इतक्या झटकन येई की लोक खूश झाले. पण काही शाखांमधून वेगळ्याच तक्रारी सुरू झाल्या. सकाळी पहिल्यांदा लॉगइन केलं की सामायिक फोल्डर दिसत नाहीत. धोरणं लागू होत नाहीत. बदली होऊन आलेला कर्मचारी पहिल्यांदाच त्या यंत्रावर बसला, तर लॉगइन सर्व्हर उपलब्ध नाही असा संदेश येतो. तेच जुन्या, रडतखडत सुरू होणाऱ्या यंत्रावर सगळं ठीक. मी आधी नवीन यंत्रांच्या नेटवर्क कार्डाला दोष दिला.

कारण भिंतीवरच्या नेटवर्क स्विचमध्ये होतं. नेटवर्कमध्ये चुकून वेटोळं तयार झालं, म्हणजे एकाच ठिकाणी जायला दोन वाटा झाल्या, तर संदेश गोल गोल फिरत राहतात आणि सगळं जाळं कोलमडतं. ते टाळण्यासाठी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली. आजचं कार्यालयीन नेटवर्क तिच्यावर उभं आहे आणि तिच्याबद्दल मला फार आदर आहे. या पद्धतीत स्विचच्या एखाद्या पोर्टवर नवं काही जोडलं गेलं की स्विच आधी १५ सेकंद ऐकतो, मग १५ सेकंद पलीकडे कोण आहे ते शिकतो, आणि त्यानंतरच त्या पोर्टवरून वाहतूक सोडतो. हे ३० सेकंद यंत्राच्या बाजूने पाहिलं तर केबल जोडलेली असूनही पलीकडे शांतता असते. जुनं यंत्र स्वतःच सुरू व्हायला त्याहून जास्त वेळ घ्यायचं, त्यामुळे ही शांतता कुणाला जाणवलीच नाही. एसएसडीचं यंत्र त्या ३० सेकंदांच्या आतच दारात येऊन उभं राहू लागलं. ज्या पोर्टला फक्त एक संगणक जोडलेला आहे, त्या पोर्टवर थांबण्याची गरज नाही असं स्विचला सांगता येतं. सिस्कोवाले त्याला पोर्टफास्ट म्हणतात. तेवढं केल्यावर त्या तक्रारी संपल्या.

म्हणजे यंत्र वेगवान झाल्यामुळे लॉगइन बिघडलं होतं. ज्या मतावर मी इतकी वर्षं टिपण्या लिहिल्या, त्यात या घटनेला जागाच नव्हती. तेव्हापासून मी लॉगइनकडे काम म्हणून बघायचं सोडून संभाषण म्हणून बघायला लागले.

ते संभाषण लांबलचक असतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरी ही वापरकर्त्यांची आणि यंत्रांची नोंद ठेवणारी व्यवस्था विंडोज २००० सोबत आली, आणि तिचा सगळा भार डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेवर, आहे. यंत्र आधी डीएनएसला विचारतं, आपल्या डोमेनचे कंट्रोलर, म्हणजे ओळख तपासणारे सर्व्हर, कोणते? नावं मिळाली की त्यातल्या काहींना हाक मारून पाहतं. ज्याने ओ दिली त्याच्याकडे कर्बरॉसचं तिकीट मागतं. कर्बरॉस ही एमआयटीच्या अथेना प्रकल्पातून आलेली पद्धत. त्यात दोन्हीकडची घड्याळं पाच मिनिटांपेक्षा जास्त मागेपुढे असली तर तिकीट नाकारण्याचा शिरस्ता आहे. तिकीट मिळालं की माझ्यासाठी कोणती धोरणं आहेत हा प्रश्न, मग त्या धोरणांच्या फाइली वाचणं, मग वापरकर्त्याचं प्रोफाइल, मग स्क्रिप्ट, मग ड्राइव्ह, मग प्रिंटर. पडद्यावर यातलं काही दिसत नाही. तिथे फक्त ठिपक्यांचं चक्र फिरत असतं, आणि शाखेतली मंडळी फोनवर तेवढंच सांगू शकतात: मॅडम, चक्र फिरतंय.

या संभाषणात नकार महाग पडत नाही. यंत्राने सर्व्हरला विचारलं आणि सर्व्हर म्हणाला की ही सेवा इथे नाही, तर यंत्र क्षणभरात पुढे जातं. फोन लावल्यावर पलीकडच्याने राँग नंबर म्हणून सांगितलं तर आपण लगेच ठेवतो. नुसती घंटी वाजत राहिली तर कान लावून थांबतो, तसंच हे आहे. महाग पडतं ते मौन. आमच्या यंत्रांवरची विंडोज एखाद्या पत्त्याला जोडणी मागते आणि काहीच उत्तर येत नाही, तेव्हा ती तीन सेकंद थांबते, पुन्हा विचारते, सहा सेकंद थांबते, पुन्हा विचारते, बारा सेकंद थांबते आणि मग नाद सोडते. बेरीज २१ सेकंद. या २१ सेकंदांत प्रोसेसर रिकामा असतो, डिस्क रिकामी असते, लाईनही रिकामीच असते. इथे चौपट वेगाचं यंत्र बसवलं तरी ते २१ सेकंदच थांबेल.

हे मला आकड्यांतून कळायच्या आधी सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेच्या रोखपाल बाईंनी सांगितलं होतं. माझ्याहून वयाने मोठ्या, संगणक नोकरीच्या मधल्या काळात शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, ते चक्र रोज सारखंच फिरतं बघा. गर्दी असो नसो. एक तारखेला पेन्शनवाले दारात उभे असतात तेव्हाही तेवढंच, आणि शनिवारी कुणी नसतं तेव्हाही तेवढंच." मी ते ऐकलं, आणि यंत्र जुनं आहे, यादीत घेते, असं सांगितलं. पुढे कधीतरी त्यांच्या या वाक्याचं मोल लक्षात आलं. थकलेलं यंत्र रोज सारखं वागत नाही. डिस्क भरलेली असेल, अँटीव्हायरस तपासणी करत असेल, तर एक दिवस दोन मिनिटं लागतील आणि दुसऱ्या दिवशी पाच. रोज तेवढाच वेळ लागतो, याचा अर्थ तो वेळ कुणीतरी कुठेतरी आकडा म्हणून लिहून ठेवलेला आहे. १५, २१, ३०, ६० सेकंद. निसर्गात इतके नेमके आकडे सापडत नाहीत; ते कुणा प्रोग्रामरने ठरवलेले असतात.

त्यांच्या यंत्रावर काय होतं ते सांगते. लॉगइनच्या वेळी चालणारी आमची स्क्रिप्ट तीन ड्राइव्ह जोडायची. ज्या सर्व्हरवर ते फोल्डर होते तो सर्व्हर आम्ही केव्हाच बंद केला होता, पण डीएनएसमधली त्याची नोंद तशीच राहिली होती. त्यामुळे नाव विचारलं की पत्ता मिळे, आणि त्या पत्त्यावर कुणी नसे. एकेका ड्राइव्हमागे वीस-बावीस सेकंद. तीन ड्राइव्हचा मिळून मिनिटावर वेळ, प्रत्येक शाखेत, प्रत्येक यंत्रावर, प्रत्येक सकाळी. डीएनएसमधली नोंद पुसली असती तरी हा बहुतेक वेळ वाचला असता, कारण असं नाव नाही हे उत्तर लगेच मिळालं असतं. अर्थात स्क्रिप्टमधल्या त्या ओळीच काढणं हा खरा उपाय, आणि तो आम्ही केला. एक रुपया खर्च झाला नाही.

असं मौन खुद्द विंडोजच्या आतही असू शकतं. विंडोज ७ मध्ये डेस्कटॉपला चित्राऐवजी एकच सपाट रंग ठेवला, तर स्वागताचा पडदा ३० सेकंद अडकून राहतो, असं मायक्रोसॉफ्टने स्वतः नोंदवून ठेवलं आहे. डेस्कटॉप तयार झाल्याची खूण मिळेपर्यंत लॉगइन थांबतं, आणि सपाट रंगाच्या बाबतीत ती खूण पाठवलीच जात नाही. शेवटी ३० सेकंदांची मुदत संपली की पडदा उघडतो. त्यावर सुचवलेल्या उपायांपैकी एक असा की त्याच रंगाचं एक छोटंसं चित्र करून ते लावा. हे वाचल्यावर मी बराच वेळ त्याचाच विचार करत होते. चित्र काढून सपाट रंग ठेवला की यंत्रावरचा भार कमी होईल, असा सल्ला त्या काळात सर्रास दिला जायचा, आणि मीही तो देत असे.

लाईनबद्दलचं माझं मतही असंच बदललं. डोंगराळ भागातल्या काही शाखांना केबल पोचत नाही, तिथे व्हीसॅट म्हणजे उपग्रहाची जोडणी असते. तिथलं लॉगइन हळू म्हणून मी जास्त एमबीपीएसची मागणी करत आले. पण असा भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली यायला आणि उत्तर त्याच वाटेने परत यायला प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद लागतो. प्रत्यक्षात थोडा जास्तच. तिथे पाइप रुंद केल्याने अंतर घटत नाही. फाइली वाटण्याची विंडोजची जुनी पद्धत, एसएमबीची पहिली आवृत्ती, अतिशय बोलघेवडी. एक फाइल उघडायची तरी तिला अनेकदा विचारून खात्री करून घ्यावी लागे. लॉगइनच्या वेळी अशा दोनशे फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीला ०.६ सेकंद लागला, तर दोन मिनिटं नुसत्या जाण्यायेण्यात गेली. मग लाईन कितीही मोठी असो. विंडोज व्हिस्टासोबत आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत शंभराहून जास्त आज्ञांच्या १९ केल्या आणि अनेक प्रश्न एकदम पाठवायची सोय केली. अशा शाखेत बोलणं कमी करणं, हाच लाईन वाढवण्यापेक्षा मोठा उपाय ठरतो.

त्यातही एक शाखा अशी निघाली की तिचं बोलणं भलत्याच ठिकाणी चाललं होतं. प्रत्येक शाखेचा आयपी पत्त्यांचा गट कोणत्या ठिकाणाचा आहे, हे ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नोंदवावं लागतं. तशी नोंद असली की यंत्राला जवळचा कंट्रोलर सांगितला जातो. ही शाखा नव्या इमारतीत गेली, पत्ते बदलले, नोंद करायची राहिली. मग यंत्राला जो कंट्रोलर आधी ओ देईल तो त्याचा. आणि कित्येक सकाळी तो निघे आपत्काळासाठी दूरच्या शहरात ठेवलेल्या केंद्रातला. मुख्य कार्यालयातला कंट्रोलर जवळ असताना शाखेची सकाळ दुसऱ्या राज्याला वळसा घालून सुरू होत होती. कंट्रोलरच्या डीबग फोल्डरमधल्या नेटलॉगऑनच्या नोंदवहीत अशा यंत्रांची नावं आणि पत्ते ओळीने पडत असतात: याचं ठिकाण मला माहीत नाही. ती नोंदवही मी तोवर उघडत नसे. आता नवी शाखा सुरू झाली की आठवडाभराने मी पहिली तीच उघडते.

डीएनएसचं एवढंच सांगते की शाखेच्या यंत्रावर दुसरा डीएनएस म्हणून ८.८.८.८ टाकून ठेवायची सवय सगळीकडे आहे. इंटरनेट चालू राहावं म्हणून लाईन जोडायला आलेला मुलगा प्रामाणिकपणे ते टाकून जातो. गूगलच्या त्या सर्व्हरला आपल्या बँकेच्या आतल्या नावांची काहीच माहिती नसते. आपला डीएनएस क्षणभर चुकला की यंत्र त्याला विचारतं, त्याच्याकडून असं डोमेनच नाही हे उत्तर आणतं आणि त्यावर विश्वास ठेवतं. नकार स्वस्त असतो असं मी वर म्हटलं. तो योग्य माणसाने दिला तर.

आता त्या दुसऱ्या भागाकडे येते, जो पटायला मला जास्त वेळ लागला: यातले पुष्कळसे प्रश्न आम्हीच विचारायला लावलेले असतात.

लॉगइन ही संगणक विभागाच्या दृष्टीने फार सोयीची जागा आहे. दिवसातून एकदा प्रत्येक कर्मचारी तिथून जातोच. त्यामुळे कुणालाही काही पोचवायचं असलं की ते तिथे ठेवायचं. लेखापरीक्षणात यंत्रांची यादी मागितली गेली, म्हणून यादी गोळा करणारी स्क्रिप्ट. अँटीव्हायरस अद्ययावत आहे का ते पाहणारी स्क्रिप्ट. वर्धापनदिनाचं चित्र सगळ्यांच्या डेस्कटॉपवर हवं, म्हणून सर्व्हरवरून ओढून आणलेलं चित्र. जिल्हाभरातले सगळे प्रिंटर प्रत्येकाला दिसावेत, म्हणजे बदली झाली तरी अडायला नको. कर्मचारी कुठेही बसला तरी त्याची फाइल त्याच्यासोबत यावी, म्हणून फिरतं प्रोफाइल. आणि मग त्या प्रोफाइलसोबत डेस्कटॉपवर साठवलेले लग्नाचे फोटोही शाखेशाखेत फिरणार. ठरावीक सॉफ्टवेअर असलेल्या यंत्रांनाच अमुक धोरण लागू व्हावं, म्हणून डब्ल्यूएमआय गाळणी. या गाळणीत सॉफ्टवेअरची यादी विचारण्याचा जो सरळ मार्ग दिसतो, तो विंडोजला प्रत्येक स्थापित पॅकेज नव्याने तपासायला लावतो. एक साधा प्रश्न विचारायला जावं आणि यंत्राने सगळं घर आवरायला काढावं अशी गत होते.

यातली एकही मागणी अवाजवी नव्हती. प्रत्येकीमागे टिपणी होती, मंजुरी होती. प्रत्येकीला वेळही फार लागत नव्हता, चार सेकंद, आठ सेकंद. पण त्यातली कोणतीही कधी काढली गेली नाही. ज्याने मागितली तो निवृत्त झाला, ज्या परिपत्रकासाठी केली ते रद्द झालं, ज्या सर्व्हरवर ठेवली तो बंद झाला, तरी ओळ राहिली. आणि हे सगळे सेकंद कुणाच्या खात्यातून जात होते? आमच्या नाही. संगणक विभागातला माणूस सकाळी यंत्र सुरू करून चहाला जाऊ शकतो. काउंटरवरच्या माणसासमोर दहा वाजता रांग उभी असते, आणि रांगेतल्या माणसाला वाटतं की ही बाई काम सुरू करत नाही. आमच्या सेकंदांची बोलणी ती खात होती. हे मला ज्या दिवशी स्पष्ट दिसलं, त्या दिवसापासून लॉगइनचा वेळ आपला आहे असं मला मानता येत नाही. तो बसणाऱ्या माणसाचा आहे आणि आपण तो मागून घेतो.

मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीने या विचाराला पुरावा दिला. मुख्य कार्यालयातले अधिकारी लॅपटॉप घेऊन घरी गेले. घरात डोमेन कंट्रोलर नसतो. विंडोजने आधीच्या लॉगइनची जी ओळख साठवून ठेवलेली असते तिच्यावर ते आत येत, आणि गरज लागली की मग व्हीपीएन जोडत. मला काळजी होती ती आमच्या स्क्रिप्टांची. त्या चालत नव्हत्या, ड्राइव्ह जोडले जात नव्हते, चित्र बदलत नव्हतं. महिने गेले. ज्यांच्यावाचून अडलं, अशा गोष्टी बोटांवर मोजण्याइतक्या निघाल्या, आणि त्याही लॉगइनच्याच क्षणी हव्या होत्या असं नाही. दहा मिनिटांनी मिळाल्या असत्या तरी चाललं असतं. बाकीच्यांबद्दल कुणी फोनसुद्धा केला नाही.

विंडोज बनवणाऱ्यांनी हा निष्कर्ष आमच्या कितीतरी आधी काढला होता. एक्सपीपासूनच साध्या यंत्रांवर नेटवर्कसाठी न थांबता लॉगइन पुढे नेण्याची सोय आहे. धोरणं मागाहून लागू होतात, आणि त्यानंतरही दर दीड-दोन तासांनी ती पडद्यामागे ताजी होतच असतात. विंडोज ८.१ ने तर लॉगइन स्क्रिप्टच मुळात पाच मिनिटं उशिरा सुरू करायचं ठरवलं. तेव्हा मी त्यावर चिडले होते आणि ती मुदत शून्य करून टाकली होती. नेटवर्कसाठी नेहमी थांबावं हे धोरणही मी सगळ्या यंत्रांना लावलं होतं, कारण धोरण लागलं की नाही याची खात्री मला त्याच क्षणी हवी असे. आता ते धोरण फक्त तिथे ठेवलं आहे जिथे एका यंत्रावर पाळीपाळीने अनेक जण बसतात. बाकी ठिकाणी काढलं.

माझ्या विभागातल्या सगळ्यांना हे पटलेलं नाही, आणि त्यांचं म्हणणं वजनदार आहे. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात की बँकेत सुरक्षेचा नियम दहा मिनिटांनी लागू होणं म्हणजे दहा मिनिटं दार उघडं ठेवणं. पेन ड्राइव्हवरची बंदी, पडदा आपोआप कुलूपबंद होणं, हे आधीच लागू असलं पाहिजे. मला ते मान्य आहे. पण असे नियम माणसाला नव्हे तर यंत्राला लावता येतात, आणि यंत्राचे नियम पासवर्ड टाकण्याच्या आधीच लागू झालेले असतात. आमचा वाद अजून मिटलेला नाही तो मधल्या गोष्टींवर, ज्या माणसागणिक बदलतात आणि तरीही सुरक्षेच्या आहेत. तिथे मी थांबायला तयार आहे. थांबणं कुणासाठी आणि कशासाठी हे ठरवून असलं की मला त्याचा जाच वाटत नाही.

यंत्राची क्षमता कधीच कारण नसते, असंही मी म्हणणार नाही. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर विंडोज १० सुरू करून पाहिलेल्या कुणालाही तसं म्हणता यायचं नाही. फरक इतकाच की आता मी आधी मोजते. व्हिस्टापासून पुढच्या प्रत्येक विंडोजमध्ये ग्रुप पॉलिसीची, म्हणजे या धोरणांची, स्वतंत्र नोंदवही आहे. तिच्यातली ८००१ क्रमांकाची नोंद वापरकर्त्याची धोरणं लागू व्हायला एकूण किती सेकंद लागले ते सांगते, आणि ५०१६ क्रमांकाच्या नोंदी त्यातल्या प्रत्येक भागाला किती मिलिसेकंद लागले ते. धोरणांच्या बाहेर वेळ जात असेल तर प्रोसेस मॉनिटर आहे, वायरशार्क आहे; दोन्ही फुकट. वायरशार्कमध्ये एखादा प्रश्न तीन वेळा त्याच पत्त्याला गेलेला आणि त्याच्या समोर काहीच नाही, हे चित्र एकदा ओळखीचं झालं की विसरत नाही. एक्सपीच्या काळातही अशी नोंद मिळत असे, फक्त रजिस्ट्रीत एक आकडा बदलून ती मागावी लागे. माझ्या त्या सगळ्या टिपण्यांच्या काळात ती उपलब्ध होती.

तक्रार ऐकण्याची माझी रीतही बदलली. आधी मी यंत्राचं वय विचारत असे. आता विचारते, रोज सारखाच वेळ लागतो का, चक्र कोणत्या शब्दांशी थांबतं, दुपारी जेवून आल्यावर पुन्हा लॉगइन केलं तरी तसंच होतं का, शेजारच्या यंत्रावर तुमच्या नावाने बसलात तर काय होतं. शिपाईमामासुद्धा याची अचूक उत्तरं देतात, कारण सकाळी आधी येऊन यंत्रं तेच सुरू करतात. पडद्यावर कोणती पायरी चालू आहे ते दाखवणारे सविस्तर संदेश चालू करायची सोयही विंडोजमध्ये आहे; ती आम्ही सगळ्या शाखांत चालू केली. आता फोनवर नुसतं चक्र फिरतंय असं कुणी सांगत नाही. प्रिंटरवर अडकलंय, असं सांगतात.

आणि बहुतेक वेळा खरोखर प्रिंटरवरच अडकलेलं असतं. २०२१ मध्ये छपाईच्या सेवेत प्रिंटनाइटमेअर नावाची गंभीर फट सापडली. त्यानंतरच्या सुधारणांमुळे प्रिंटरचं ड्रायव्हर बसवायला प्रशासकाची परवानगी लागू लागली, आणि ते योग्यच झालं. पण माणसागणिक प्रिंटर जोडायची आमची जुनी मांडणी त्या दिवसापासून लॉगइनच्या वेळी पुन्हा पुन्हा अशी परवानगी मागते, जी त्या खुर्चीवरच्या माणसाकडे नाही. प्रत्येक यंत्राला त्याच्याच खोलीतले प्रिंटर कायमचे जोडून द्यावेत आणि लॉगइनमधून प्रिंटर हा विषयच काढून टाकावा, असं मला वाटतं. पासबुक छापणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि त्यांची जुनी ड्रायव्हर यात आड येतात. सध्या एका शाखेत हे करून पाहतो आहोत. तिथल्या ८००१ च्या नोंदीतले सेकंद कमी झाले आहेत, पण दोन काउंटरवर पासबुकाची ओळ अर्धा इंच खाली छापली जाते, आणि ते सुटेपर्यंत बाकीच्या शाखांना हात लावायचा नाही असं ठरलं आहे.